हरल्याशिवाय नोंद नाही

एका गावात एक भोळा पिराजी होता. भोळा म्हणजे किती? तर शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, "पिराजी, अंगणात वाळवण घातलंय, जरा बघ हं." पिराजीने दिवसभर बघितलं. शेळी आली, बघितलं. शेळी खायला लागली, तेही बघितलं. संध्याकाळी काकूंना म्हणाला, "काकू, सगळं नीट बघितलं. पापड तिला आवडले. कुरडया नाही आवडल्या."

तर असा हा गुणी माणूस. त्याला गावाने कम्प्युटरवर बसवला. का बसवला, ते ऐका.

भैरोबाच्या जत्रेला गावात कुस्त्यांचा मोठा फड लागायचा. आदल्या वर्षी पैलवानांची नोंद वहीत केली होती. वहीवर चहा सांडला. नावं राहिली, वजनं पुसली गेली. मग चाळीस किलोचा गडी नव्वद किलोच्या गड्यासमोर उभा राहिला. ती कुस्ती संपायला वेळ लागला नाही, पण त्यावरून लागलेलं भांडण संपायला तीन महिने लागले.

यात्रा कमिटीचे अध्यक्ष जालिंदरअण्णा म्हणाले, "यंदा वही नाही. यंदा कम्प्युटर!"

पंचायतीचा कम्प्युटर रोहिणीताई सांभाळायच्या. त्यांनी डेटाबेसच्या सॉफ्टवेअरमध्ये पैलवानांसाठी एक तक्ता तयार केला. तक्ता म्हणजे वहीच म्हणा, फक्त चहा न सांडणारी. आता या वहीत माहिती भरायला एक खिडकी लागते. तिला म्हणतात फॉर्म. खिडकीत चौकटी असतात. कुठली चौकट कुठे लावायची, तिच्यात काय घ्यायचं, काय नाही घ्यायचं, हे आपलं आपण ठरवायचं. ताई तेवढं करणार, तोच त्यांना नववा महिना लागला आणि त्या माहेरी गेल्या.

मागे उरला पिराजी. गावात कम्प्युटरचा कोर्स पूर्ण केलेला तो एकटाच. सर म्हणाले होते, "मध्येच उठून जायचं नाही." बाकीची पोरं उठून गेली. पिराजी कोर्स संपल्यावरही दोन दिवस बसून होता.

"फॉर्म तेवढा राहिलाय रे," ताई जाताना म्हणाल्या. "मी फोनवर सांगेन तसं कर."

"सांगाल तसंच करतो, ताई," पिराजी म्हणाला.

आणि भीती होती ती नेमकी हीच.

तालमीच्या ओसरीवर टेबल मांडलं. ही तालीम पिराजीच्या मामाची, म्हणजे यशवंता वस्तादाची. म्हातारा सत्तरीचा, डोक्यावर कायम अबोली फेटा. पिराजीला लहानाचं मोठं त्यानेच केलं. पैलवान करायचंही बघितलं, पण भाचा अठ्ठेचाळीस किलोच्या वर जाईना. शेवटी मामाने नाद सोडला.

पिराजीने फॉर्म बनवला. नाव, गाव, वजन, मोबाइल. शेवटची चौकट मामाने सांगितलेली, 'आजवर कोणाकडून हरला?' तोलामोलाची जोड लावायला असली माहिती कामी येते.

पहिलाच पैलवान आला, नाव सांगून निघून गेला. वजन राहिलं! पिराजीने ताईंना फोन लावला.

"अरे, चौकट रिकामी राहिली तर फॉर्मने पुढे सोडायचंच नाही," ताई म्हणाल्या. "सक्तीची करून टाक."

पिराजीने केली. ताईंनी वजनाबद्दल सांगितलं होतं, पण म्हटलं चांगली गोष्ट एकाच चौकटीला का? सगळ्याच सक्तीच्या केल्या.

तेवढ्यात ओसरीवरचं ऊन गेलं. बघतो तर दारात डोंगरसोंडचा खंडू पैलवान उभा. वजन एकशे अठ्ठेचाळीस किलो. पंधरा वर्षांत पाठीला माती लागलेली नाही. जत्रेची शेवटची मानाची कुस्ती याचीच, आणि समोर कोणाला उभा करायचा ही कमिटीची दरवर्षीची डोकेदुखी.

नाव झालं, गाव झालं, वजन झालं, मोबाइल झाला.

"आजवर कोणाकडून हरला?" पिराजीने विचारलं.

"कोणाकडून न्हाई."

"रिकामं चालत नाही, पैलवान."

"आरं, हरलोच न्हाई तर सांगू काय?"

पिराजीने स्क्रीनकडे बघितलं. फॉर्म पुढे सोडेना. त्याला खंडूचं वाईट वाटलं. एवढा लांबून आलेला माणूस!

"असं करा," तो प्रेमाने म्हणाला, "आत आमच्या तालमीची पोरं आहेत. कोणाकडून तरी पटकन हरून या. मग नोंद घेतो."

खंडूने टेबल उचललं. कम्प्युटरसकट. मामा धावत आला, खंडूला आत नेऊन दोन तांबे बदाम घातलेलं दूध पाजलं, तेव्हा टेबल खाली आलं. (हसू नका. आपल्यालाही शहरात कुठलासा फॉर्म 'मधलं नाव' मागतो, तेव्हा आपण टिंब टाकून पुढे सटकतोच ना? पिराजी सटकत नाही, एवढाच फरक.)

कमिटी तापली. "वस्ताद, भाच्याला उठवा तिथनं," अण्णा म्हणाले.

मामा म्हणाला, "कम्प्युटर याच्याबिगर कोणाला येतो? बसू द्या त्याला. फडाच्या दिवशी याच्या हातनं घोळ झाला, तर हा फेटा मी सगळ्यांदेखत उतरवीन. पुन्हा आखाड्यात पाऊल टाकणार न्हाई."

मामाचं डोकं फेट्याशिवाय पिराजीने आजवर पाहिलं नव्हतं. आणि मामा आखाड्याशिवाय? तालमीशिवाय मामा म्हणजे विहिरीशिवाय रहाट.

पिराजीने ताईंना फोन लावला आणि कपाळावर हात मारून घेतला. "चुकलो, ताई! हे डोकं नाही, खोकं आहे! पण आता शिकवा."

ताईंनी फोनवर सगळं ऐकून एक मोठा सुस्कारा सोडला. "अरे, जे बहुतेकांचं सारखंच असतं ना, ते चौकटीत आधीच भरून ठेवायचं. हरला का, तर 'नाही'. ज्याचं वेगळं असेल तो बदलेल."

पिराजी शिकला. 'नाही' भरून ठेवलं. खंडूची नोंद झाली. मग बाकीच्या चौकटींकडे बघत बसला. बहुतेकांचं सारखं अजून काय असतं बरं? वजन! त्या दिवशी आलेले बहुतेक सत्तरच्या आसपास होते. त्याने वजनात सत्तर भरून ठेवलं आणि वजनकाटा कोपऱ्यात उभा करून त्याच्यावर टॉवेल वाळत घातला.

दुसऱ्या दिवशी मैनाबाई आपल्या सहा वर्षांच्या पोराला घेऊन आली. जत्रेत लहान पोरांच्याही कुस्त्या असतात.

"वजन सत्तर किलो," पिराजी म्हणाला.

"कोणाचं?"

"ह्याचं."

मैनाबाईने पोराकडे बघितलं. पोराने आपल्या पोटाकडे बघितलं. मग ती टेबलावर वाकून हळूच म्हणाली, "पिराजी, तेवढं कागदावर छापून दे ना. शिक्का मारून दे. सासूबाई रोज म्हणतात, नातवाला उपाशी ठेवतेस म्हणून. त्यांच्या तोंडावर मारते."

संध्याकाळपर्यंत गावातल्या सात सुना कागद न्यायला आल्या. आठव्या बाईला सासू नव्हती, ती स्वतःसाठी आली. तिला वजन कमी करून हवं होतं.

मामाने टॉवेल उचलून काटा बघितला आणि मटकन खाली बसला.

"चुकलो, ताई! डोकं नाही, खोकं आहे!"

"वजनाला हद्द घाल, पिराजी," ताई दमून म्हणाल्या. "वीस ते दीडशे. पोरांचं वेगळं बघू. हद्दीबाहेरचं काही आत यायला लागलं की फॉर्मने ओरडायचं. आणि नुसतं ओरडायचं नाही, काय चुकलं ते नम्रपणे सांगायचं."

नम्रपणा पिराजीला फार आवडला. तासभर बसून त्याने वाक्य जुळवलं: 'क्षमस्व. आपण हद्दीबाहेर आहात. कृपया दुरुस्त होऊन पुन्हा या.' इतकं आवडलं की दिवसभर तेच पुटपुटत होता. जेवताना मामीने तिसरी भाकरी वाढली, तिलाही म्हणाला. ती म्हणाली, "खा गुमान."

वजनाला हद्द घातली. पण मोबाइलच्या चौकटीतही आकडेच की! तिला का सोडा?

तिसऱ्या दिवशी एक पैलवान नंबर सांगायला लागला. "अठ्ठ्याण्णव, बावीस..."

फॉर्म ओरडला. पिराजीने हात जोडले. "क्षमस्व. नंबर वीस ते दीडशेच्या मध्येच हवा."

"असा कुठं नंबर असतोय व्हय?"

"अठ्ठ्याण्णव बसतंय," पिराजीने करून बघितलं. "तेवढंच घेतो. बाकीचे आकडे तुम्ही घरी न्या."

त्या दिवशी तेवीस पैलवानांचे नंबर अठ्ठ्याण्णव, चौदांचे सत्त्याण्णव, आणि एकाचा पंचाहत्तर. कमिटीला निरोप द्यायचा होता, तेव्हा अण्णांनी अठ्ठ्याण्णव लावून बघितला. फोनमधली बाई म्हणाली, कृपया नंबर तपासा. अण्णा म्हणाले, "ही पण पिराजीकडेच शिकलेली दिसते."

"चुकलो, ताई! खोकंसुद्धा बरं, त्यात निदान काहीतरी ठेवता येतं!"

"मोबाइलची हद्द काढ," ताई म्हणाल्या. "आणि ऐक, गावांची नावं बघ. एकच डोंगरसोंड चार तऱ्हेने लिहिलंय. हाताने लिहूच देऊ नकोस. यादी दे, त्यातून निवडायचं. यादीतलंच घ्यायचं, बाहेरचं नाही. म्हणजे चुकायची सोयच नको."

चुकायची सोयच नको! पिराजी हरखला. हे आधी का नाही सांगितलं? त्याने गावांची यादी केली. मग लोकांच्या नावातही चुका होतात, म्हणून नावांचीही केली. त्याला सुचली तेवढी नऊ नावं घातली.

चौथ्या दिवशी ओसरीवर रांग लागली, आणि रांग पुढे सरकेना.

"नाव?"

"गहिनीनाथ."

"यादीत नाही. आणखी एखादं आहे का तुम्हाला?"

"घरात गैन्या म्हणत्यात."

"तेपण नाही. ह्यातलं आवडेल ते घ्या. बबन घेता? बबन छान आहे. सकाळपासून सहाजणांनी नेलंय."

गहिनीनाथने बराच विचार केला. "विष्णू शिल्लक हाय का?"

"आहे की!"

"मग विष्णू द्या. आमच्या सासऱ्याचं नाव हाय, बायको खूश हुईल."

दुपारी मामाने यादी वाचायला घेतली. अकरा बबन, नऊ विष्णू, सात दत्तू. मामाने कागद ठेवला, फेट्यावरून एकदा हात फिरवला आणि आत गेला. पिराजीला शिवी चालली असती. हा फेट्यावरून फिरलेला हात नाही चालला. लाजेने त्याला काही सुचेना. त्याने सगळ्या नोंदी निवडल्या आणि पुसून टाकल्या. पन्नाशीच्या वर पैलवान, चार दिवसांचं काम, एका बटणात.

"पुसलंस?" ताई फोनवर किंचाळल्या. मागून त्यांची आई म्हणाली, "अगं, हळू, नववा महिना आहे!" ताई म्हणाल्या, "नोंद कधी पुसायची नसते रे! ते पुसायचं बटणच फॉर्मवरून काढून टाक. आता सगळ्यांना परत बोलव. आणि लोकांवर प्रयोग करू नकोस. आधी स्वतःचं नाव टाकून फॉर्म तपासून बघ. सगळ्या चौकटी, सगळ्या हद्दी. नीट चाललं, तरच लोकांना बसव."

पिराजीने बटण काढलं. स्वतःचं नाव टाकलं. वजनात दीडशे टाकलं, फॉर्म गप्प. एकशे एक्कावन्न टाकलं, फॉर्म ओरडला. वा! परत दीडशे केलं. कोणाकडून हरला? 'नाही' भरलेलंच होतं. तेही खरंच, कुस्ती खेळलाच नव्हता तर हरणार कोणाकडून? नोंद झाली.

आणि काय सांगू, फॉर्म चालला! पाचव्या दिवशी सगळे पैलवान परत आले, खंडूसुद्धा आला. नाव ज्याचं त्याचं, वजन काट्यावरचं, नंबर दहा आकडी. एकही भांडण नाही. गहिनीनाथ तेवढा विष्णू सोडायला तयार नव्हता. मामा पाच दिवसांत पहिल्यांदा नीट जेवला.

जत्रेच्या दिवशी दुपारी फड भरला. कम्प्युटरने वजनं जुळवून जोड्या लावलेल्या, अण्णा लाउडस्पीकरवर कागद वाचत होते. एकेक कुस्ती अशी तोलामोलाची की लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मामा मिशीतल्या मिशीत हसत होता. शेवटची मानाची कुस्ती आली. अण्णांनी कागद पुढे धरला आणि त्यांचा आवाजच चढला.

"डोंगरसोंडचा खंडू पैलवान, एकशे अठ्ठेचाळीस किलो, अजिंक्य! विरुद्ध... आपल्या गावचा... वजन दीडशे किलो... अजिंक्य..."

हलगी कडाडली.

"...पिराजी?"

हलगी थांबली.

पण जोड पुकारली होती, हलगी वाजली होती. त्या फडाचा दंडकच तो. हलगीनंतर माघार म्हणजे समोरच्या पैलवानाचा अपमान. खंडूने लंगोट कसून आखाड्यात शड्डूही ठोकला होता. सगळा फड मामाकडे बघायला लागला. मामा उठला. त्याने सावकाश दोन्ही हात फेट्याकडे नेले.

"मामा!" आखाड्याच्या कडेला मांडलेल्या टेबलामागून पिराजी ओरडला. "हात लावू नका फेट्याला! मी उतरतो."

कोणाचा तरी लंगोट आणला, तो कमरेला दोन वेढे जास्त बसला. मामाने त्याला मातीच्या कडेला गाठलं. "लेका, ऐक. सलामी दे, आन त्यानं हात लावायच्या आधीच उताणा पड. हाडं तरी ऱ्हातील."

"तसंच करतो, मामा."

आणि खरंच, तो तसंच करणार होता. सलामी दिलीही. पण खंडू पुढे आला. ऊन गेलं. पिराजीने वर बघितलं आणि त्याच्या लक्षात आलं, हे हद्दीबाहेरचं आहे. आणि हद्दीबाहेरचं काही आत यायला लागलं की काय करायचं, हे तो शिकलेला होता.

त्याने हात जोडले आणि खच्चून ओरडला, "क्षमस्व! आपण हद्दीबाहेर आहात! कृपया दुरुस्त होऊन पुन्हा या!"

खंडू थबकला. "आँ?"

तो पुन्हा पुढे आला. पिराजी पुन्हा ओरडला. तोच आवाज, तेच शब्द, तेच जोडलेले हात. फॉर्म काय दर वेळी वेगळं बोलतो? खंडू डावीकडून आला, उजवीकडून आला, वाकून आला. "क्षमस्व! आपण हद्दीबाहेर आहात!" फडात हशा पिकायला लागला. खंडूला ओसरीवरचं ते 'पटकन हरून या' आठवलं. आधी त्याचे खांदे हलायला लागले, मग पोट. त्याने पिराजीला धरून डोक्यावर उचलला, आणि वरून, आभाळातून यावं तसं, नम्रपणे ऐकू आलं, "कृपया दुरुस्त होऊन पुन्हा या."

झालं. खंडूचे हात सुटले. हसता हसता तो आधी गुडघ्यावर आला, मग बुडावर, आणि मग पोट धरून साफ उताणा झाला. पिराजी पडला तो त्याच्या छातीवर. पंचाने शिट्टी मारली. पंच डोंगरसोंडचा होता, पण सचोटीचा. म्हणाला, "पाठ लागली ती लागली."

"लागली, लागली," खंडू डोळे पुसत म्हणाला. "कबूल. पर ह्याला आधी माझ्यावरनं उठवा, न्हाईतर मी हसून मरीन."

फड डोक्यावर घेतला लोकांनी! पिराजीला गदा मिळाली, तिच्या वजनाने तो दोनदा बसला. जिंकणाऱ्याच्या वस्तादाला गाव मानाचा फेटा बांधतं. मामाचा जुना फेटा शेवटी सगळ्यांदेखत उतरलाच, पण अण्णांनी स्वतः उतरवला, नवा केशरी बांधायला. मामाचे डोळे भरून आले होते.

पिराजी मात्र खंडूला हाताला धरून टेबलापाशी घेऊन गेला. "पैलवान, आता तुमचं काम झालं!" 'कोणाकडून हरला?' या चौकटीतलं 'नाही' काढून, नोंदलेल्या पैलवानांच्या यादीतून त्याने स्वतःचं नाव निवडलं. केवढं समाधान!

तेवढ्यात फोन वाजला. ताई.

"पिराजी, मुलगी झाली मला! आणि ऐक, मला आत्ता आठवलं, ती तुझी तपासायला टाकलेली नोंद पुसलीस ना?"

"नाही, ताई. तुम्ही म्हणालात, नोंद कधी पुसायची नसते."

"अरे, ती सोडून! ती पुसावीच लागते! आत्ताच्या आत्ता पूस, नाहीतर तुलाच कुस्ती लागेल!"

"सांगाल तसंच करतो, ताई."

त्याने पुसायचं बटण परत आणलं. स्वतःच्या नावावर गेला. पुसलं. तक्त्यातून पिराजी गेला, मानाच्या कुस्तीचा निकाल गेला, आणि यादीतलं नावच गेल्यामुळे खंडूची चौकट परत कोरी झाली. अण्णा विजेत्याचं प्रमाणपत्र छापायला आले, तर कोरा कागद बाहेर पडला.

पिराजीने कपाळावर हात मारून घेतला. "चुकलो! डोकं नाही, खोकं!" आणि तो धावत खंडूकडे गेला. खंडू दुधाचा तांब्या तोंडाला लावून बसला होता.

"पैलवान, तुमची चौकट रिकामी झाली."

"मंग आधीचं 'न्हाई' टाक की."

"खोटं कसं टाकू? सगळ्या गावाने बघितलंय, तुम्ही हरलात."

"मंग?"

पिराजीने लंगोट परत कसला आणि हात जोडले. "चला आखाड्यात. एकदा परत हरून या, लगेच नोंद घेतो."

कडेला उभ्या मामाने नवा फेटा दोन्ही हातांनी घट्ट धरला.